जोगळटेंभीची चांदी आणि ग्रीक अक्षरे

विठ्ठलवाडीच्या पुढचे स्टेशन कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्या माहितीत कल्याण आहे, शेजारचे सोपारा आहे, आणि एक तक्रारही आहे. पूर्वी कल्याण ही रीतसर परवानगी असलेली बाजारपेठ होती, पण राज्य बदलल्यापासून तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भरुचला नेले जाते, असे हा व्यापारी सांगतो. त्याच पुस्तकात भरुचच्या बाजाराबद्दल एक वाक्य आहे, आणि ते नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. अलेक्झांडरनंतर राज्य केलेल्या अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची, ग्रीक अक्षरे असलेली जुनी चांदीची नाणी तिथे अजून चालतात, असे तो लिहितो.

मिनँडरला जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षे झाली होती. तरी त्याची चांदी बाजारात फिरत होती.

ग्रीक नाणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अथेन्सचे घुबड उभे राहते. ते साहजिक आहे. लॉरियनच्या खाणींतल्या चांदीतून पाडलेले हे चार द्राख्मांचे नाणे साधारण १७.२ ग्रॅम भरते. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन अक्षरे. जगभरचे संग्राहक त्याच्या मागे असतात आणि लिलावांत ते सतत येत असते. पण ठाणे जिल्ह्यातल्या संग्राहकाने ग्रीक नाण्यांचा अभ्यास घुबडापासूनच सुरू केला पाहिजे असे नाही. ग्रीक द्राख्माची एक मोठी शाखा सिंधू ओलांडून आपल्याकडे उतरली, नाशिकपर्यंत पोहोचली आणि इथल्या राजांनी ती सुमारे सहाशे वर्षे चालवली. तिचा अभ्यास इथे बसून जितका चांगला होऊ शकतो तितका अथेन्समध्ये होणार नाही.

ओळख पटवण्याची पहिली पायरी म्हणजे वजन. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आज सहज मिळतो आणि तो भिंगाच्याही आधी घ्यावा. अथेन्सच्या मापाचा एक द्राख्मा साधारण ४.३ ग्रॅमचा. बाख्त्रियातल्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या, ग्रीक राजांनी हेच माप ठेवले. हिंदुकुश ओलांडून दक्षिणेला आल्यावर मात्र त्यांनी हलके, भारतीय मापाचे नाणे पाडायला सुरुवात केली. हा द्राख्मा साधारण २.४५ ग्रॅमचा आणि चार द्राख्मांचे नाणे ९.८ ग्रॅमच्या आसपासचे. त्यामुळे अथीना कोरलेले एक नाणे १७ ग्रॅम भरले आणि दुसरे अडीच ग्रॅमच्या आत राहिले, तर चित्र नीट पाहण्याआधीच दोन वेगळी जगे समोर आलेली असतात.

दुसरी पायरी लिपीची. या हलक्या नाण्यांवर दोन भाषा आहेत. मिनँडरच्या द्राख्मावर दर्शनी बाजूला राजाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ असते, म्हणजे ‘तारक राजा मिनँडरचे’. मागच्या बाजूला वज्र फेकणारी अथीना आणि तिच्याभोवती तोच मजकूर प्राकृतात, खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. अपोलोडोटसचे प्रसिद्ध नाणे तर चक्क चौकोनी आहे. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वशिंड असलेला बैल. ग्रीक राजाने भारतीय प्रजेसाठी नाण्याचा आकार, वजन, लिपी आणि चित्र अशा चारही गोष्टी बदलल्या, हे त्या नाण्याकडे एकदा नीट पाहिले तरी समजते.

ही दोन लिपींची सोय आपल्या इतिहासाला फार मोलाची ठरली. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप १८३०च्या दशकात हीच नाणी पुढ्यात घेऊन बसला. ग्रीक बाजू वाचता येत होती, त्यामुळे दुसऱ्या बाजूला त्याच राजाचे नाव शोधत खरोष्ठीची अक्षरे एकेक करून उलगडता आली. १८३७मध्ये त्याने ब्राह्मीही वाचली आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. नाणी नसती तर हे काम किती लांबले असते कोण जाणे.

इथे आणखी एका राजाचा उल्लेख करायलाच हवा. १९७०मध्ये अफगाणिस्तानात आय खानूम इथे फ्रेंच उत्खननकारांना अगाथोक्लिस या ग्रीक राजाची सहा चौकोनी चांदीची नाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला बलराम आहे, दुसऱ्या बाजूला शंख आणि चक्र घेतलेला वासुदेव. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या या प्रतिमा वासुदेव-कृष्णाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रतिमांपैकी आहेत. ज्या गावाच्या नावातच विठ्ठल आहे, तिथल्या वाचकाला ही गोष्ट माहीत असावी असे मनापासून वाटते.

आता महाराष्ट्रात येऊ. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी नावाचे गाव आहे. १९०६च्या सुमारास तिथे चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हती, तेरा हजारांहून अधिक होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून १९०८मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सगळी नाणी एकाच राजाची होती : क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

यातले एखादे नाणे भिंगाखाली धरून पाहू. व्यास सुमारे दीड सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, म्हणजे मिनँडरच्या द्राख्मापेक्षा जरासेच कमी. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारे राजाचे मुख, डोक्याला पट्टा, कधी मिशी. त्याभोवती ग्रीक अक्षरांची रांग. ही अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हे प्राकृत शब्दच ग्रीक अक्षरांत बसवले आहेत. ‘ह’ या ध्वनीसाठी तेव्हाच्या ग्रीक लिपीत स्वतंत्र अक्षर नव्हते, म्हणून कोरणाऱ्याने एका दीर्घ स्वराचे अक्षर, दिसायला इंग्रजी एचसारखे, त्या जागी वापरले. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, आणि त्यांच्याभोवती तोच मजकूर ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिपी, आणि तिन्हींत एकच नाव. पैसा कोणाकोणाच्या हातांतून जाणार आहे याचा विचार या राज्यकर्त्यांनी केला होता.

गौतमीपुत्राचा ठसा बसलेल्या नाण्यावर हे सगळे अर्धवट पुसलेले असते. तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ, भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना छेदणाऱ्या दांड्यांच्या टोकांना गोळे असलेले उज्जैन चिन्ह. पण जुना ठसा पूर्ण जात नाही. डोंगराच्या कमानीतून नहपानाचे नाक डोकावते, नव्या ब्राह्मी अक्षरांच्या मधून एखादे ग्रीक अक्षर उभे असते. नाणे प्रकाशात तिरपे धरून हळूहळू फिरवले की दोन्ही थर आळीपाळीने दिसू लागतात. पराभूत राजाची नाणी गोळा करून वितळवण्यापेक्षा त्यांवर आपला ठसा मारणे सोपे होते. शिवाय ज्याच्या हाती ते नाणे पडेल त्याला राज्य बदलल्याचे आपोआप कळत होते.

या निधीने इतिहासातली एक मोठी गोष्ट पक्की केली. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतलेल्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे म्हटले आहे. त्याच लेण्यांतल्या आणखी एका लेखात गौतमीपुत्राने पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. लेखांत राजे स्वतःची स्तुती करतातच, त्यामुळे नुसत्या लेखावर विसंबता येत नाही. जोगळटेंभीच्या नऊ हजार नाण्यांनी मात्र तोच पुरावा चांदीत दिला.

हाच उषवदात नाशिकच्या दहाव्या लेण्यात हिशेब लिहून ठेवतो. तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण या दराने व्याज. भिक्षूंना चिवरे आणि इतर खर्च त्यातून मिळायचा. त्याच लेखात सोन्याच्या एका नाण्याला पस्तीस कार्षापण असा भावही आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज एखाद्या संग्राहकाच्या तळहातावर असलेले नाणे कधीकाळी विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाला लागलेले असू शकते.

स्कॉट यांना एक कोडे पडले होते. नहपानाचे नाव असलेल्या या नाण्यांवरचे चेहरे एकसारखे नाहीत. काही तरुण, काही म्हातारे, काही गुबगुबीत, काही हाडकुळे. हे चेहरे एकाच माणसाचे नसावेत, असे त्यांना वाटले. ठसे कोरणारे हात अनेक होते, कारकीर्द लांब होती, आणि चेहरा ओळखू येण्यापेक्षा राजाचे मुख असणे महत्त्वाचे होते, असेही म्हणता येते. असा प्रश्न उभा राहू शकला, याचे कारण निधी सुटा-सुटा विकला जाण्याआधी कोणीतरी तो एकत्र पाहिला. एकटे नाणे पाहून हा प्रश्न कोणाला सुचलाच नसता.

संग्राहकांनी मनावर घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे. नाण्याची अर्धी माहिती ते कुठे, कशासोबत सापडले यात असते. अफगाणिस्तानातल्या मीर झकाह इथल्या एका विहिरीतून १९९०च्या दशकात प्राचीन नाण्यांचा प्रचंड साठा बाहेर आला. पण तो पोत्यांनी पेशावरच्या बाजारात गेला आणि तिथून जगभर पांगला. त्या नाण्यांपैकी कोणते कशाशेजारी होते हे आता कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ज्याच्याकडे जुना संग्रह आहे, आजोबांनी एखाद्या पाकिटावर गावाचे नाव लिहून ठेवले आहे, त्याने ते पाकीट जपावे. नाणे नव्या डबीत ठेवताना जुनी चिठ्ठी टाकून देणे हे या छंदातले सर्वांत मोठे नुकसान आहे, आणि ते घरोघरी होते.

नव्या संग्राहकाने सुरुवात कुठून करावी? नहपानाच्या नंतरच्या क्षत्रपांपासून. चष्टन आणि रुद्रदामनच्या वंशातल्या या राजांची चांदीची नाणी त्या मानाने पुष्कळ आहेत आणि अभ्यासाला अत्यंत समाधान देणारी आहेत, कारण त्यांच्यावर तारीख असते. दर्शनी बाजूला राजाच्या डोक्यामागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष दिलेले असते. समजा विजयसेनाचे नाणे हाती आले. मागच्या बाजूला मध्यभागी तोच तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, बाजूला सूर्य किंवा तारका आणि भोवती ब्राह्मी लेख : ‘राज्ञो महाक्षत्रपस दामसेनपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस विजयसेनस’. म्हणजे एकाच नाण्यावर राजा, त्याचा बाप आणि दोघांच्या पदव्या. आता डोक्यामागचे अंक पाहायचे. तेव्हा शून्याची स्थानमान पद्धत नाण्यांवर नव्हती. शंभराचे एक चिन्ह, साठाचे दुसरे, सातचे तिसरे, अशी तीन चिन्हे वरून खाली वाचायची. शक १६७. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २४५. पंचांगात ज्या शकाची गणना आजही छापली जाते, तोच हा शक.

अशी शेकडो नाणी पुढेमागे लावून अभ्यासकांनी क्षत्रपांची पूर्ण वंशावळ उभी केली. भाऊ भावानंतर गादीवर आला की मुलगा बापानंतर, ‘क्षत्रप’ केव्हा ‘महाक्षत्रप’ झाला, मध्ये कोणती वर्षे रिकामी आहेत, हे सगळे त्या चिन्हांवरून ठरले. याच नाण्यांच्या कडेची ग्रीक अक्षरे मात्र हळूहळू अर्थ हरवतात. नहपानाच्या काळात ती वाचता येत होती. शतकभरात ती नुसत्या रेघा आणि वर्तुळांची किनार उरली. कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती, पण चांगल्या नाण्याला अशी किनार असते हे माहीत होते.

या कामाचा पाया घालणाऱ्यांत भगवानलाल इंद्रजींचे (१८३९–१८८८) नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. जुनागढमध्ये जन्मलेला हा अभ्यासक मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम करत घडला. १८८२मध्ये त्यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला. आतल्या दगडी पेटीत कांस्याच्या आठ बुद्धप्रतिमा होत्या, आणि त्यांच्यासोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. सातवाहनांनी क्षत्रपांच्या धर्तीवर काढलेले, राजाच्या मुखाचे हे दुर्मीळ नाणे. पेटीत ते होते म्हणून ती पेटी कोणत्या काळाची याचा अंदाज बांधता आला. क्षत्रपांवरचा त्यांचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८९०मध्ये, ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून लंडनमध्ये छापला. रॅप्सन यांनीच १९०८मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या सातवाहन आणि क्षत्रप नाण्यांची सूची काढली आणि आजही कोणी तिच्याशिवाय काम करत नाही.

सूची हे संग्राहकाचे खरे साधन आहे. भारतीय-ग्रीक नाण्यांसाठी पर्सी गार्डनर यांची १८८६ची, व्हाइटहेड यांची लाहोर संग्रहालयाची १९१४ची, आणि सर्वांत उपयोगी अशी ओस्मंड बोपेआराच्ची यांची १९९१ची फ्रेंच सूची. क्षत्रपांसाठी अमितेश्वर झा आणि दिलीप राजगोर यांचा १९९४चा ग्रंथ. त्यांत राजा, प्रकार आणि कडेचे एकाक्षरी चिन्ह पाहून आपले नाणे कोणत्या क्रमांकाशी जुळते ते ठरवायचे. न जुळले तर लगेच आनंदून जाऊ नये. न जुळणारे नाणे बहुधा नवे नसते, बनावट असते.

बनावटीचा इतिहास नाण्यांइतकाच जुना आहे. इसवी सनापूर्वी ३७५ साली अथेन्सने कायदा करून बाजारात अधिकृत पारखी बसवला होता. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले नाणे सापडले की तो ते तिथेच कापून रद्द करी. आज सापडणाऱ्या कित्येक घुबडांवर छिन्नीचा घाव दिसतो तो अशाच तपासणीचा. आताच्या नकला बहुतेक साच्यात ओतलेल्या असतात. ठशाखाली दाबलेल्या चांदीत अक्षरांच्या कडा धारदार असतात, तर ओतीव नाण्यात त्या मऊ, साबणासारख्या होतात. पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, कडेवर सांध्याची घासलेली रेघ सापडते. पण ठसा मारून केलेल्या नकलाही आहेत. १९८८मध्ये काळ्या समुद्राकाठचा म्हणून बाजारात आलेल्या छोट्या चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा असाच नंतर बनावट ठरला, आणि त्याने नामवंत जाणकारांनाही गोंधळात टाकले होते. जुनी चांदी लिंबू, चिंच किंवा पावडर लावून चकचकीत करू नये हेही इथेच सांगायला हवे. शतकानुशतके बसलेला काळसर थर हाही पुरावाच असतो आणि घासल्यावर तो परत येत नाही.

कायदाही माहीत हवा. १९७२च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुराणवस्तू ठरते. त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शेत नांगरताना गाडगे लागले, तर ते जसेच्या तसे कळवण्यात अभ्यासाचे हित आहे. जोगळटेंभीचे नाव आज जगभरच्या ग्रंथांत आहे ते त्यातली नाणी तपासली आणि नोंदली गेली म्हणून.

ज्याला प्रत्यक्ष नाणी पाहायची आहेत त्याला विठ्ठलवाडीहून फार लांब जावे लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे, आणि कल्याणहून गाडीने नाशिक गाठले की त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राचे संशोधन करणारी संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८०च्या दशकात ती उभी केली. आणि नेमके अंजनेरी हे गावच ग्रीक द्राख्माच्या या लांबच्या प्रवासात येते. क्षत्रपांनंतर त्रैकूटकांनी तशीच छोटी चांदीची नाणी पाडली, आणि सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने त्याच घाटाची, दोनेक ग्रॅमची, एका बाजूला मुख आणि दुसऱ्या बाजूला नंदी असलेली नाणी काढली. नाशिक परिसरापासून मुंबई-साष्टीपर्यंत ती सापडली आहेत. अंजनेरीत मिळालेल्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटात, म्हणजे कृष्णराजानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, रकमा याच ‘कृष्णराज-रूपकां’त मोजलेल्या आहेत. ही नाणी पूर्वी राष्ट्रकूट कृष्णाची समजली जात. वासुदेव विष्णू मिराशी यांनी लेख आणि नाणी एकत्र ठेवून ती कलचुरी कृष्णराजाची असल्याचे दाखवले, आणि त्यानंतरच्या सूच्यांत ती त्याच नावाखाली नोंदली गेली.